पाचूबंदरच्या बोटीतले पाणी

वसईकडे जाणारे आपले बहुतेक लोक नालासोपाऱ्याला उतरतात, स्तूपाला वंदन करतात, फार तर वसईचा किल्ला बघतात आणि संध्याकाळच्या लोकलने परत फिरतात. किल्ल्याला लागूनच किल्लाबंदर आणि पाचूबंदर ही कोळ्यांची दोन गावे आहेत. तिथे सहसा कोणी जात नाही. खरे म्हणजे सोपाऱ्याचा स्तूप समजून घ्यायचा तर आधी बंदर बघावे असे आमचे मत आहे, कारण सोपारा म्हणजेच पूर्वीचे शूर्पारक, आणि शूर्पारक हे बंदर होते. इथल्या व्यापाऱ्यांनी आणि खलाशांनी धम्म ऐकला, सांभाळला आणि त्यासाठी दान केले.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हा स्तूप उकरला. आत दगडी पेटी सापडली, तिच्यात तांब्याचा करंडक आणि त्याच्यात एकात एक बसवलेले चांदीचे, दगडाचे, स्फटिकाचे आणि सोन्याचे करंडक. सर्वात आत मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे होते. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा त्याच साली मिळाला, नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली भुईगावला मिळाला. बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली तेही हेच १९५६. योगायोगच आहे, पण विहारात सांगितला की माणसे क्षणभर गप्प होतात.

आमच्या विहारातले आम्ही बाराजण, पाच बायका, तीन मुले आणि बाकीचे पुरुष, ऑक्टोबरातल्या एका रविवारी निघालो ते थेट पाचूबंदरला. आमच्या वस्तीतला एक फिटर बोटींच्या इंजिनाची कामे करतो. त्या दिवशी त्याला तिथे काम होते. "चला, बंदर दाखवतो, येताना स्तूपाला जाऊ," असे तो म्हणाला. वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेकडून बस धरली. वाटेत नारळीच्या बागा, चर्चची पांढरी बांधणी, मग किल्ल्याचा काळा तट आणि शेवटी वाळत घातलेल्या बोंबलांचा वास. मुलांनी नाके दाबली, बायकांनी भाव विचारला.

बोट लाकडी होती, मागच्या बाजूला इंजिन आणि त्यावर लहानशी केबिन. केबिनच्या तळाच्या फळ्यांखाली पाणी साचत होते. किती, तर एका रात्रीत पंप तीनदा चालवावा लागे. बॅटरी उतरली आणि रात्री पंप बंद पडला तर काय, या काळजीने नाखवाला झोप नव्हती. संध्याकाळच्या भरतीला बोट समुद्रात न्यायची होती, बर्फ सांगून ठेवला होता, खलाशी आले होते. बोट अडकली की आठ घरांची चूल अडकते, कारण खलाशांना पगार नसतो, मासळीत वाटा असतो.

नाखवाचा संशय पंख्याच्या दांड्यावर होता. हा लोखंडी दांडा इंजिनापासून बोटीच्या बाहेर जातो, आणि तो जिथून बाहेर पडतो तिथे दोरीसारखे पॅकिंग ठासून नटांनी आवळलेले असते. नाखवाने ते दोनदा आवळले होते, तरी पाणी होतेच. फिटरने वाकून हात लावला आणि नट उलट थोडे सैल केले. आम्हाला आश्चर्य वाटले. तो म्हणाला, "नाखवा, दांडा फिरत असताना इथून चार थेंब पडलेच पाहिजेत. त्या पाण्यानेच तो थंड राहतो. फार आवळला तर पॅकिंग जळते आणि दांडा झिजतो. मग खरीच गळती सुरू होते." त्याने धक्क्याला बांधलेल्या बोटीचे इंजिन थोडा वेळ चालवून दाखवले. थेंब पडले, तेवढेच. तीन-तीनदा पंप चालवण्याइतके पाणी ते नव्हते.

मग त्याने फळ्या उचलल्या, बोट बुडवून पाणी जिभेला लावले आणि थुंकला. खारट. म्हणजे पिण्याच्या पाण्याची टाकी सुटली. इंजिन थंड करणाऱ्या पाण्याचा पाइप तपासला, तोही कोरडा. मासळीच्या खणातला बर्फ वितळून पाणी येत असेल अशी एका म्हाताऱ्या कोळ्याची शंका होती. ती अगदीच वाईट नव्हती, कारण मासळीला लागून आलेले पाणीही खारट लागते. फिटरने खणात होळीचा लाल रंग कालवून दोन बादल्या पाणी ओतले. लाल पाणी आपल्या नळीतून आपल्या जागी गेले, केबिनखाली आले नाही. मुलांना हा प्रयोग फार आवडला.

यानंतर सगळे पाणी उपसून, फडक्याने तळ पुसून, वर खडूची पूड भुरभुरून आम्ही थांबलो. पूड ओली झाली की तिच्यावर रेघ उमटते आणि पाणी कुठून आले ते कळते. तासभर झाला. बोट भरतीच्या पाण्यावर तरंगत होती आणि पूड कोरडीच्या कोरडी. नाखवा वैतागला. "समुद्रात पाणी येतं आणि इथे येत नाही, हे कसं मिस्त्री?"

बोटीवर डहाणूकडचा एक आदिवासी खलाशी होता, असेल एकोणीस-वीस वर्षांचा. मघापासून तो केबिनच्या दाराशी उभा होता. त्याला कोणी काही विचारले नव्हते. फिटरने विचारले, "बाळा, तू कुठे झोपतोस?" त्याने केबिनची डावी बाजू दाखवली. तिथेच फळीखाली पाणी साचत होते. म्हणजे ते त्याच्याच अंथरुणाखाली होते. "रात्री आवाज येतो का?" तो म्हणाला, "बोट भरलेली असली की येतो. रिकामी असली की नाही. जाताना बर्फ असतो तेव्हा येतो, मासळी भरून येताना तर जास्तच." आधी कोणाला सांगितले नाहीस का, असे आमच्यातल्या एका बाईने विचारले. सांगितले होते म्हणाला. तांडेल म्हणाला होता, लाकडी बोट आहे, पाणी असायचेच.

पालीतली सुप्पारक जातकाची कथा इथे आम्हाला आठवली. त्यातला बोधिसत्व भरुकच्छचा, म्हणजे भडोचचा, नावाडी. खाऱ्या पाण्याने त्याचे डोळे गेले, तेव्हा राजाने त्याला वस्तूंची पारख करायला ठेवले. त्याने राजाच्या रथावरून हात फिरवला आणि सांगितले की हा पोकळ झाडाच्या लाकडाचा आहे, याचा उपयोग नाही. डोळस माणसे रथ बघत होती आणि दोष आंधळ्याच्या हाताला लागला. त्याचे नाव सुप्पारक, तेच आपले सोपारा. पुढे दिवसभर आमची मुले डोळे मिटून बोटीच्या फळ्या चाचपत होती, ते वेगळे.

फिटरच्या डोक्यात आता उजेड पडला होता. बोट रिकामी असली की वर उचललेली असते. बर्फ, डिझेल, पाणी आणि जाळी भरली की ती खाली बसते आणि एरवी कोरड्या असणाऱ्या वरच्या फळ्या पाण्यात जातात. भोक असेल तर त्या पट्ट्यात. त्यात मासेमारीबंदीचे दोन महिने, १ जून ते ३१ जुलै, बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात. लाकूड सुकते, आकसते, सांधे उघडतात. पाण्याखालचे लाकूड पुन्हा फुगून सांधे मिटतात, वरचे तसेच राहतात.

दुपारी ओहोटीने बोट चिखलावर टेकली. आम्ही बायका-मुले धक्क्यावर सावलीला बसलो. धक्क्यावरून पाण्याचा पाइप आणला. पाणी मारायला सुरुवात खालच्या सांध्यापासून केली, वरून नाही. वरून मारले तर पाणी ओघळून खालच्या सगळ्या सांध्यांवर जाते आणि कोणत्या सांध्याने आत घेतले ते कळत नाही. तो खलाशी बॅटरी घेऊन केबिनखाली आडवा झाला. एका सांध्यावर पंधरा मिनिटे पाणी, मग आतून हाक, "नाही." मग वरचा सांधा. पुन्हा, "नाही." नाखवा घड्याळ बघत होता. पंधरा मिनिटे कशाला, दोन मिनिटांत समजेल, असे त्याने दोनदा म्हटले. फिटरने ऐकले नाही.

चौथ्या खेपेला, वरून दुसऱ्या फळीवर, बरीच मिनिटे गेल्यावर आतून आरोळी आली, "आलं!"

गंमत अशी की पाइप होता पुढे, मासळीच्या खणाच्याही पुढे, आणि पाणी निघाले मागे केबिनखाली. खणाला आतून थर्माकोल आणि फळ्यांचे अस्तर असते. त्या अस्तरामागून पाणी गुपचूप उतरत होते, वाकणाच्या लाकडांना धरून मागे सरकत होते, आणि बोटीचा मागचा भाग सर्वात खोल म्हणून तिथे साचत होते. केबिनचा बिचारीचा काही दोष नव्हता. आपल्या चाळीत पत्रा गळतो तेव्हाही असेच होते. थेंब पडतो पलंगावर आणि भोक असते भिंतीपाशी, पाणी वाशाला धरून आलेले असते. पत्रा तपासायचा तर पाणी खालच्या कडेपासून वर मारत जावे आणि प्रत्येक जागी थांबावे. पावसाळ्याआधी हे करून बघण्यासारखे आहे.

फळीवर टायर टांगायची लोखंडी कडी होती, तिचा बोल्ट आरपार गेलेला. बाहेरून रंग चकचकीत. फिटरने हातोडीने आजूबाजूला ठोकून पाहिले. चांगल्या लाकडाचा आवाज टणक येतो, इथे बद्द आला. टोचा घातला तो बोटभर आत गेला. लोखंड खाऱ्या पाण्याने गंजते आणि त्याबरोबर भोवतीचे लाकूडही मऊ पडते.

नाखवाला वाटले, वरून पुट्टी भरून टाकू, बर्फाची गाडी आली आहे. इथे दोघांची थोडी बाचाबाची झाली. फिटर म्हणाला, "पुट्टी आजची रात्र टिकेल. तिसऱ्या रात्रीचं मी सांगत नाही. आणि तिच्यावर तुम्ही झोपत नाही, हा पोरगा झोपतो." नाखवा गप्प झाला. मग त्यानेच सुताराला बोलावले. सुताराने बोल्ट काढला, कुजका भाग पक्के लाकूड लागेपर्यंत कोरला, सागवानी तुकडा बेताने तासून बसवला, कडेने कापूस ठासला आणि वरून राळ व तेलाचा लेप दिला. नवा बोल्ट दुसऱ्या जागी मारला. मे महिन्यात बोट वर घेतल्यावर अख्खी फळी बदलायची असे ठरले. या सगळ्यात भरती चढून गेली, संध्याकाळचे निघणे पहाटेवर गेले.

आमचे स्तूपाला जाणे त्या दिवशी राहिले. पुढच्या रविवारी गेलो. सोपाऱ्याचा तो विटांचा ढिगारा बघताना सोबतच्या भन्तेजींनी बाहिय दारुचीरियाची गोष्ट सांगितली. त्याचे जहाज समुद्रात फुटले, एका फळीला धरून तो सुप्पारकच्या किनाऱ्याला लागला आणि पुढे भगवंतांना शोधत श्रावस्तीपर्यंत चालत गेला, असे अट्ठकथा सांगते. आमच्या मुलांनी लगेच विचारले, जहाज कुठून फुटले होते?

पाचूबंदरला मात्र रात्री आठपर्यंत थांबलो होतो. भरतीने बोट उचलली, बर्फ भरला, बोट खाली बसली. ती कडीची जागा पाण्याखाली गेलेली सगळ्यांनी बघितली. अर्ध्या तासाने खलाशाने केबिनची फळी उचलून आत हात घातला आणि बाहेर काढून दाखवला. हाताला खडूची पूड लागली होती, कोरडी. मग त्याने फळी बसवली आणि वर आपली गोधडी पसरली. नाखवाच्या घरच्या बाईने आमच्या बायकांना सुक्या बोंबलांची एकेक जुडी दिली, आणि परतीच्या लोकलमध्ये आमच्या बाकावर कोणी बसायला तयार होईना.