बोहऱ्याचे दुकान

दक्षिण रायगडातल्या आमच्या तालुक्याच्या बाजारात 'हार्डवेअर' हा शब्द दुकानाच्या पाटीवर रंगवलेला होता, पण कुणाच्या तोंडी नव्हता. खिळे हवे असोत, दाराची कडी असो, की कंदिलाची काच, घरातले मोठे माणूस एवढेच सांगे, "बोहऱ्याकडे जा." मोहल्ल्यातले लोक असेच म्हणत, कोळीवाड्यातले असेच म्हणत, आगरी, कुणबी आणि ब्राह्मणआळीतले लोकही असेच म्हणत. शिंपी, न्हावी, कासार तसाच बोहरी, लोखंडी सामान विकणारा. गुजरातीत 'वोहरवू' म्हणजे व्यापार करणे आणि त्यावरूनच हे नाव पडले असे मानतात. म्हणजे लहानपणीची आमची समजूत शब्दाच्या मुळाला धरूनच होती म्हणायची.

महाराष्ट्रात बहुतेक जुन्या बाजारपेठांत असे एखादे दुकान असे. पुण्याच्या रविवार पेठेत तर अख्ख्या बोहरी आळीलाच या लोकांचे नाव आहे. मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटवरून माल उचलायचा आणि तालुक्याच्या गावी पावशेर, पावकिलोने विकायचा, असा हा धंदा. आमच्या गावचे शेठही महिन्यातून एकदा पहाटेच्या एसटीने मुंबईला जात. त्यांचा माल मागाहून ट्रकने येई. ट्रक आला की बाजारातली पोरे पोती मोजायला उभी राहत.

दुकान रुंदीला दोन खणांचे, पण खोलीला माजघरापर्यंत गेलेले. आत शिरताच जवसाचे तेल, काथ्या, गंज आणि घासलेट यांचा मिळून एक वास येई. भिंतीला वरपासून खालपर्यंत लाकडी खण होते आणि प्रत्येक खणावर आतल्या मालाचा एक नमुना तारेने बांधलेला असे. बिजागरीच्या खणावर बिजागरी, कोयंड्याच्या खणावर कोयंडा. ज्याला वाचता येत नव्हते त्यालाही बोट दाखवून माल मागता येई. छताला घमेली, कंदील आणि दोरांची वेटोळी टांगलेली. कोळ्यांसाठी होडीच्या सांध्यांत भरायचा कापूस आणि राळ, कुणब्यांसाठी विळे, कोयते आणि फावडी, गवंड्यांसाठी थापी आणि ओळंबा, सुतारांसाठी पटाशी, कानस, गिरमिट आणि रंध्याची पाती. कुलुपे अलीगढची, पितळी कड्या जामनगरच्या. ज्यांची ऐपत असे ते गोदरेजचे 'नवताल' मागत. ते मात्र शेठ पाठीमागच्या कपाटातून काढून देत.

या दुकानात मापांची एक स्वतंत्र भाषा चाले. देशात दशमान पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला. शाळेत आम्ही सेंटिमीटर शिकलो, पण बोहऱ्याच्या दुकानात गेलो की इंच आणि सूत. आठ सुतांचा एक इंच. सळई मागायची ती 'तीन सुती' नाही तर 'चार सुती'. आजही बांधकामावर दहा मिलिमीटरच्या सळईला तीन सुती म्हणणारे गवंडी आहेत. तार आणि पत्रा गेजवर मिळे आणि तिथे हिशेब उलटा, आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. स्क्रू ग्रोसने येत, म्हणजे एकशे चव्वेचाळीस, पण गिऱ्हाइकाला तीन हवे असतील तर तीनच मिळत. ते वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून देताना शेठ एखादा खिळा जास्तच टाकत. "एखादा वाकडा होतोच," असे त्यांचे म्हणणे.

माल देण्याआधी शेठ एक प्रश्न हमखास विचारत, "कशाला पाहिजे?" आम्हा मुलांना तो चौकसपणा वाटे. पण त्या प्रश्नावरच दुकान चाले. अब्बांनी नळाची तोटी आणायला पाठवले की शेठ जुनी तोटी हातात घेऊन फिरवून बघत आणि म्हणत, "बेटा, तोटी चांगली आहे, वायसर गेलाय." चार आण्यांचा वायसर देत आणि पंधरा रुपयांची विक्री सोडून देत. दारे घासू लागली की नवी बिजागरी नको, जुन्या बिजागरीचे स्क्रू एक नंबर मोठे लाव, असे सांगत. चुनखडीच्या भिंतीत खिळा बसत नाही, आधी लाकडी खुंटी ठोक, मग तिच्यात खिळा मार. खाऱ्या वाऱ्यात साधा खिळा दोन पावसाळ्यांत कुजतो, तेव्हा समुद्राकडच्या बाजूला जस्ताचा मुलामा दिलेलाच घे. ही सगळी विद्या पुस्तकात नव्हती आणि तिचे पैसे कुणी घेत नव्हते.

दुकानाचा खरा मालक मात्र मिस्त्री होता. आमच्या मोहल्ल्यातली कितीतरी माणसे सुतारकाम, रंगकाम, नळकाम करीत. सकाळी आठला ही मंडळी दुकानाच्या पायरीवर चहा पीत बसलेली असत. ज्याच्या घरी काम निघाले तो तिथेच येऊन मिस्त्री ठरवी. कोण कसा काम करतो हे शेठना माहीत असे, कारण कोण किती खिळे वाया घालवतो हे त्यांच्या वहीत दिसे.

त्या वहीविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. लाल कापडाच्या बांधणीची ती लांबट वही होती आणि शेठ तिच्यात गुजरातीत लिहीत. आमच्यापैकी कुणालाच ती वाचता येत नसे. म्हणूनच असेल, शेठनी एक शिरस्ता पाळला होता. माल घेणाऱ्यानेच मोठ्याने बोलायचे आणि शेठनी लिहायचे. "बोला मिस्त्री, काय काय लिहू?" कुरआनातली सर्वांत लांब आयत उधारीच्या लिखापढीविषयी आहे, सूरह अल-बकराची २८२ वी. देणेकऱ्यानेच मजकूर सांगावा, असे तिच्यात म्हटले आहे. मदरशात ती शिकण्याच्या कितीतरी आधी आम्ही तिचा अंमल बोहऱ्याच्या गल्ल्यापाशी पाहिला होता.

उधारी फेडण्याचे हंगाम ठरलेले होते. कुणबी भात झोडले की देत. कोळी नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात गेल्या की देत. मिस्त्री पावसाळ्यात रिकामे असत, तेव्हा त्यांचे खाते दिवाळीपर्यंत उघडे राही. आणि आमच्या मोहल्ल्यातली घरे कुवेतहून, दुबईहून ड्राफ्ट आला की देत. व्याज कुणाकडूनच नाही. सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला, तेव्हा मुसलमानांत स्वतःच्या हिमतीवर धंदा करणारे जास्त आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळण्याचे प्रमाण कमी, हे सगळ्या देशाने वाचले. आमच्या मिस्त्रींची बँक म्हणजे ती लाल वहीच होती.

शेठ मुसलमान आणि आम्हीही मुसलमान, तरी आमच्यात अंतर होते. ते शिया दाऊदी बोहरा, आम्ही कोकणी सुन्नी शाफई. त्यांची मशीद वेगळी, कब्रस्तान वेगळे. त्यांचे कॅलेंडर गणिताने आधीच ठरलेले, म्हणून त्यांची ईद आमच्या आधी एक-दोन दिवस येई. आम्ही चांद शोधत असू आणि शेठच्या घरून शीरखुर्म्याची वाटी येई. मग आमच्या रोजाचे काय करायचे यावर दादी हसत आणि वाटी मगरिबपर्यंत झाकून ठेवत. मोहर्रमच्या पहिल्या दहा दिवसांत दुकान बंद असे आणि त्या काळात तालुक्यातली निम्मी बांधकामे अडत. हे ठाऊक असल्याने हिंदू ठेकेदारही मोहर्रमची तारीख आधी विचारून ठेवीत. मोहल्ल्यात कुणी कुणी बोहऱ्यांविषयी वाकडे बोलत, त्यांच्याकडेही आपल्याविषयी बोलणे होत असेल. पण खात्याच्या पानावर पंथ लिहिलेला नव्हता.

१९७० नंतर आखातात गेलेल्या माणसांच्या पैशाने आमच्याकडची कौलारू घरे स्लॅबची होऊ लागली. तेव्हा सिमेंट नियंत्रणात होते, परमिटाशिवाय मिळत नसे. बॅरिस्टर अंतुले आमच्याच जिल्ह्यातल्या आंबेतचे. १९८० साली ते मुख्यमंत्री झाले तेव्हा बाजारात पेढे वाटले गेले आणि जानेवारी १९८२ मध्ये सिमेंटच्याच प्रकरणातून त्यांना पायउतार व्हावे लागले, तेव्हा दुकानाच्या पायरीवर कुणी बोलेना. त्याच वर्षी सिमेंटवरचे नियंत्रण काही अंशी उठले, १९८९ साली पूर्ण उठले. शेठच्या दुकानाची भरभराट झाली ती याच वर्षांत.

सगळेच गोड होते असे नाही. मालावर किंमत लिहिलेली नसे. ओळखीच्याला एक भाव आणि परक्याला दुसरा, हे चाले. दुकानात काम करणारी पोरे शाळेच्या वयाची असत. आणि बायका पायरी चढत नसत. आमच्या अम्मीला कसली कडी हवी हे तिला अब्बांपेक्षा नेमके ठाऊक असे, पण ती निरोप पाठवी आणि मग चुकीची कडी घरी येई. आज मॉलमध्ये आमच्या सुना स्वतः हातात घेऊन, किंमत वाचून वस्तू निवडतात. हा फरक लहान नाही.

इंग्लंडात बी अँड क्यू १९६९ साली निघाले, अमेरिकेत होम डेपो १९७८ साली. तिकडे स्थायिक झालेले नातेवाईक सांगतात की तिथे माणूस स्वतःच रंग लावतो, स्वतःच फळी ठोकतो आणि त्यासाठी गोदामाएवढ्या दुकानांत जातो. त्यांनी तिथली कोपऱ्यावरची छोटी दुकाने संपवली. आमच्याकडे तसे घडले नाही, कारण आमच्याकडे मिस्त्री होता. आमचे दुकान हळूहळू, एकेका वस्तूने उसवत गेले. १९५९ साली फेव्हिकॉल आले आणि कातडे उकळून केलेला दुर्गंधी सरस सुतारांनी सोडला. ते बरेच झाले. मग लोखंडी पाइपांच्या जागी प्लॅस्टिकचे आले आणि आटे पाडणे, सफेदा-ताग लावणे हे कामच उरले नाही. मग दारे तयार चौकटीसह येऊ लागली. मग रंग कंपनीच्या यंत्रातून मिळू लागला. डिसेंबर २०२० मध्ये नवी मुंबईत तुर्भ्याला आयकियाचे दुकान उघडले आणि आमच्याकडची नवी जोडपी तिथून कपाटे आणू लागली. त्या कपाटाचा एक स्क्रू हरवला तर तो बाजारात मिळत नाही. बाकीचे मोबाइलवर मागवले जाते. "कशाला पाहिजे?" असे विचारणारे तिथे कुणी नाही.

तरीही या दुकानाची किंमत आम्हाला एकदा नीट कळली. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, दिवेआगर, म्हसळा, मुरूड, सगळीकडे सुपारीच्या आणि नारळाच्या वाड्या आडव्या झाल्या. कौले उडाली, पत्रे शेतात जाऊन पडले. पावसाळा तोंडावर आणि टाळेबंदी चालू. वीज नाही, फोन नाही, म्हणजे एटीएम नाही आणि मोबाइलवर पैसे देणेही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शेठनी, तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते, मुलाला घेऊन दुकान उघडले. रोख कुणाकडेच नव्हती. जे-हुक, डांबरी वायसर, ताडपत्री, सुतळी, रिपांचे खिळे, सगळे वहीवर. एका घराला एकच ताडपत्री, कारण माल पुढे कधी येईल हे ठाऊक नव्हते. भाव मात्र वादळाच्या आदल्या दिवसाचाच. त्या दिवसांत पत्र्यांचा भाव दुप्पट करणारेही होते, हे आम्ही पाहिले. माप-तोलात लबाडी करणाऱ्यांविषयी कुरआनात एक आख्खी सूरह आहे. ती कशासाठी उतरली हे त्या आठवड्यात बाजारात उभे राहिले तरी समजत होते.

शेठ पुढच्या वर्षी गेले. मुलाने दोन वर्षे दुकान चालवले आणि २०२३ च्या पावसाळ्याआधी बंद केले. त्याची मुले मुंबईत नोकरीला आहेत. बंद करण्याआधी त्याने पायरीवर बसून जुन्या वहीतली खाती एकेकाला वाचून दाखवली. ज्याला जमेल त्याने द्यावे, ज्याला जमणार नाही त्याला ते हलाल, असे त्याने सांगितले. बहुतेकांनी दिले. काहींनी आपल्या मयत वडिलांच्या नावावरचे दिले, कारण मयताच्या डोक्यावर कर्ज ठेवू नये.

आता त्या जागी कंपनीच्या टाइल्सचे चकचकीत दालन आहे. भाव लिहिलेले आहेत, पावती मिळते, बायका निवांत बसून निवड करतात. पण मिस्त्रीला तिथे पायरी नाही आणि खातेही नाही. माल आणायचा तर आधी मालकाकडून आगाऊ रक्कम घ्यावी लागते आणि न मिळाल्यास आठवड्याच्या हप्त्यावर व्याजाने. पावसाळ्यात रिकाम्या बसलेल्या मिस्त्रीने दिवाळीपर्यंत घर कशावर चालवायचे, हा प्रश्न आमच्या जमातीच्या बैठकीत दोनदा निघाला. बोहऱ्यांमध्ये कर्ज-ए-हसनाची रीतसर व्यवस्था आहे, बिनव्याजी कर्ज देणारी. आपणही तशी पेटी सुरू करावी असे ठरले आहे आणि थोडे पैसे जमलेही आहेत. अडचण वेगळीच आहे. कुणाला किती द्यावे, कोण फेडेल, कोणाला सवलत द्यावी, हे सांगणार कोण? शेठना ते चाळीस वर्षे रोज सकाळी माणसे बघून कळले होते. पेटीला ते ज्ञान कसे द्यायचे, यावर बैठक अजून चालू आहे.