दोन हात दोन बोटं

थर्ड इयरला सेमिनार असतो हे तुम्हाला माहीतच आहे. टॉपिक वाटायच्या दिवशी मी मेसमधल्या पोह्यांच्या लाईनमुळे दहा मिनिटं उशिरा पोचले. तोपर्यंत रोबोटिक्स, हायब्रिड व्हेईकल, थ्री-डी प्रिंटिंग असे सगळे चांगले टॉपिक पोरांनी पळवले होते. सरांच्या यादीत एकच उरला होता, 'सिंगल लेंग्थ गोल्फ आयर्न्स'. मेकॅनिकलला आम्ही मुली चारच, त्यामुळे मागच्या बाकावरचं हसू कुणाचं ते लगेच कळलं. रूमवर आले तर पार्टनर म्हणाली, "गोल्फ? कुठे खेळणार, हिंगोलीच्या रामलीला मैदानावर?"

मित्रांनो, मीसुद्धा गोल्फ कधी नीट पाहिला नव्हता. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिम्पिकला गोल्फ खेळला (२०२१ साली), हे मला सेमिनारमुळे कळलं. आमच्या घरी गोल्फशी जरा तरी नातं सांगणारी गोष्ट म्हणजे विटीदांडू. पण मार्क हवे होते, म्हणून वाचायला बसले आणि खरं सांगते, अडकले.

गोष्ट अशी आहे. गोल्फवाल्याच्या पिशवीत जास्तीत जास्त चौदा काठ्या चालतात. त्यातल्या बऱ्याचशा आयर्न, म्हणजे लोखंडी तोंडाच्या (कपड्याची इस्त्री नव्हे, आमच्या रूमवर हा विनोद होऊन गेलाय). चार नंबर, पाच नंबर असं करत नऊ नंबर आणि पुढे वेज. नंबर वाढत जातो तसं तोंड जास्त मागे कलतं, चेंडू उंच जातो आणि जवळ पडतो. त्याबरोबर प्रत्येक नंबरला काठी साधारण अर्धा इंच आखूड होते आणि तोंडाचं वजन सातेक ग्रॅमनी वाढतं, म्हणजे हातात धरल्यावर सगळ्या सारख्याच जड वाटाव्यात. वर्षानुवर्षं हे असंच चालत आलेलं.

ब्रायसन डिशॅम्बो नावाच्या अमेरिकन पोराला २०११ मध्ये प्रश्न पडला की असं का? काठीची लांबी बदलली की उभं राहणं बदलतं, वाकणं बदलतं, चेंडूपासूनचं अंतर बदलतं. म्हणजे एका खेळासाठी आठ-दहा वेगवेगळे झटके शिका. त्यापेक्षा सगळ्या काठ्या एका लांबीच्या करा, तोंडं एका वजनाची करा आणि एकच झटका पक्का करा. तेव्हा तो आपल्याहूनही लहान होता. आपल्या कोचला घेऊन त्यानं तसा सेट बनवला, सगळ्या आयर्न साडेसदतीस इंचांच्या. पुढे कॉलेजात तो फिजिक्स शिकला, आणि २०१५ या एकाच वर्षी अमेरिकेतली कॉलेजांची वैयक्तिक स्पर्धा आणि यूएस अमॅच्युअर या दोन्ही जिंकला. २०२० आणि २०२४ मध्ये यूएस ओपन. २०१७ पासून कोब्रा कंपनीनं तसले सेट बाजारात आणले. कल्पना त्याच्याआधीही होती. १९८०च्या दशकाच्या शेवटी टॉमी आर्मर कंपनीनं असा सेट काढला होता, पण तो चालला नाही. आजही बहुतेक मोठे खेळाडू जुन्याच पद्धतीच्या काठ्या वापरतात.

का, ते आपल्या फर्स्ट इयरच्या फिजिक्समध्ये आहे. वेग म्हणजे त्रिज्या गुणिले कोनीय वेग. हात आणि काठी मिळून साडेपाच फूट त्रिज्या धरली तर अर्धा इंच म्हणजे पाऊण टक्का. चार नंबरची काठी साडेसदतीसवर आणली की नेहमीपेक्षा एक इंच आखूड होते, दीड टक्का वेग गेला, आणि नेमक्या त्याच काठीला वेगाची जास्त गरज. उलट वेज दीड-दोन इंच लांब झाली, ती नको तेवढी लांब मारणार. मग हे सगळं तोंडाच्या कलण्यातून भरून काढायचं. जमतं, पण ओढूनताणून.

हे मी अप्पांना फोनवर सांगत होते. 'साडेसदतीस' म्हणायला मला दोनदा विचार करावा लागतो. नांदेडच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे अडतीस आणि अठ्ठेचाळीसमध्ये माझी आजही गडबड होते. म्हणून मी सरळ 'थर्टी सेव्हन अँड हाफ' म्हटलं. अप्पा दोन सेकंद थांबले आणि म्हणाले, "म्हंजी दोन हात दोन बोटं." मी नंतर हिशोब केला. हात अठरा इंचांचा, चोवीस बोटांचा एक हात. अगदी बरोबर! सातवी शिकलेल्या माणसानं माझ्या कॅल्क्युलेटरच्या आधी उत्तर दिलं होतं.

प्रोग्रेस रिव्ह्यूला सर म्हणाले, "नुसतं नेटवरचं नको, स्वतःचं काहीतरी दाखव." गोल्फच्या काठ्या कुठून आणणार? पण आमच्या वसमत तालुक्यात घरोघर हळद, आणि हळद म्हटली की दांड्यांची हत्यारं. ठरलं. महाशिवरात्रीच्या सुट्टीत निघाले. औंढ्याच्या यात्रेकरूंनी एसटी अशी भरली होती की औंढ्यापर्यंत मी एका पायावर होते.

घरी पाला कापून झाला होता, काढणी चालू होती. हल्ली बरंचसं ट्रॅक्टरनं निघतं, पण बांधाकडेचे आणि पाइपलाइनजवळचे गादीवाफे कुदळीनंच खणावे लागतात. मी टेप काढून मापं घेतली. कुऱ्हाड तीस इंच, फावडं चौतीस, कुदळ छत्तीस. मग डिशॅम्बोसारखी मधली लांबी धरली, बत्तीस. वसमतच्या बाजारातून तीन तयार दांडे आणले, कापले, पाचर ठोकून बसवले. अप्पा ओट्यावर बसून बघत होते. "हे काय करायलीस बाई?" एवढंच म्हणाले. जुने दांडे मात्र त्यांनी उचलून आत ठेवले.

निकाल पटकन लागला. फावड्यातला फरक कुणाच्या लक्षातही आला नाही. कुऱ्हाडीचा पहिलाच घाव ओंडक्याच्या पलीकडे गेला आणि दांडा लाकडावर आपटून अप्पांच्या हाताला झिणझिण्या आल्या. तीस इंचांचा अंदाज त्यांच्या खांद्यात बसलेला होता, माझे दोन इंच त्यात बसेनात. आणि कुदळीनं तर एक वाफासुद्धा पुरा झाला नाही. चार इंच कमी झाले म्हणून ते जास्त वाकत होते आणि घाव खोल जात नव्हता. अर्ध्या वाफ्यात गड्ड्याचे दोन तुकडे झाले. अप्पांनी कमरेवर हात ठेवला. "बाई, पहिलंच बरं व्हतं."

मी वहीत लिहिलं, 'प्रयोग अयशस्वी'. कारणही कळत होतं. गोल्फमध्ये सगळ्या आयर्नचं काम एकच असतं, चेंडू मारायचा. म्हणून तोंडांची वजनं सारखी करून एक लांबी चालवता येते. कुऱ्हाड आणि कुदळ यांचं काम एक नाही, आणि पातं तर मी बदललंच नव्हतं. सेमिनारला एवढं पुरेसं होतं.

दुपारी मजूर बायका झाडाखाली जेवायला बसल्या तेव्हा मी बांधावर होते. आईनं ती आखूड दांड्याची कुदळ उचलली आणि राहिलेला वाफा खणायला लागली.

मी आईला खणताना लहानपणापासून पाहिलंय. माणसं मिळाली नाहीत की ती खणतेच. ती नेहमी तिरकी उभी राहते आणि दांडा अर्ध्यात धरते. मला वाटायचं, आई अशीच खणते, ती तिची पद्धत. त्या दिवशी ती सरळ उभी होती. दोन्ही हात दांड्याच्या टोकाकडे होते, घाव सरळ पडत होता आणि गड्डा अख्खा वर येत होता. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. छत्तीस इंचांच्या दांड्याचं मागचं टोक बरगडीत लागू नये म्हणून ती तिरकी उभी राहायची. मी विचारलं तर म्हणाली, "लागतंच की. त्याला काय करायचं?"

गोल्फची काठी विकताना माणसाच्या मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजतात, हे मी सेमिनारच्या तिसऱ्या स्लाइडवर टाकलं होतं. संध्याकाळी दोघांना अंगणात उभं केलं आणि टेप लावला. अप्पा चौतीस, आई एकोणतीस. पाच इंचांचा फरक! गोल्फवाले अर्ध्या इंचासाठी नवीन काठी घेतात.

अप्पा म्हणाले, पूर्वी सुतार असंच करायचा. बलुत्याचा सुतार, सुगीला धान्य न्यायचा आणि वर्षभर हत्यारं करून द्यायचा. कुदळीचा दांडा तासायच्या आधी माणसाला समोर उभं करायचा, दांडा अंगाशी लावून खूण करायचा. आमच्या घरची जुनी कुदळ आजोबांच्या मापाची होती, नंतरची अप्पांच्या. आता बाजारात तयार दांडे मिळतात, सगळे एका मापाचे.

"आईचं माप कधी घेतलं होतं का त्यानं?" मी विचारलं.

अप्पा काही बोलले नाहीत. आईच म्हणाली, "बायकांना कुठं उभं करत्यात?" आणि भाकरी थापायला गेली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. त्यामुळे मला जास्त वाईट वाटलं. माझी फी हळदीच्या पैशातून गेली, नांदेडला मावशीकडे राहून मी इंग्लिश पोएम पाठ करत होते, आणि इकडे ही बाई बावीस वर्षं दुसऱ्याच्या मापाचा दांडा तिरकी उभी राहून चालवत होती. टेप घरात होता. मीसुद्धा कधी काढला नव्हता.

परत येताना मी अप्पांच्या कुदळीला जुना दांडा बसवायला घेतला. कुदळ एकच, त्यामुळे पाचर काढायला लागले. आईनं हातातून ओढून घेतली. "ही ऱ्हाऊ दे. मला लागती." शेवटी अप्पांनी वसमतहून दुसरं पातं आणलं आणि आपला छत्तीसचा दांडा त्याला लावला.

सेमिनार बरा झाला. एका सरांनी विचारलं की मग सिंगल लेंग्थ चांगली की वाईट? मी म्हटलं, "कुणासाठी, सर?" मागचा बाक परत हसला. मार्क अजून लागले नाहीत.

परवा फोनवर आईला विचारलं, कुदळ कशी चाललीय. म्हणाली, दांड्याला धरायच्या जागी चिंधी गुंडाळलीय, आणि रात्री ती गोठ्यात न ठेवता घरात दाराआड ठेवते. अप्पा ती मजुरांना देऊन टाकतात म्हणून.