बोका आणि बैल

मातृत्व हा केवळ स्त्रीचा प्रांत, असे आपण शाळेपासून निबंधांतून लिहीत आलो. मलाही ते खरे वाटे. परंतु गेल्या जानेवारीत पाच-सहा दिवसांच्या एका पिल्लाने मला, एका एकोणीस वर्षांच्या मुलाला, रात्री-अपरात्री उठवून आई केले, आणि ते वाक्य माझ्यापुरते खोटे ठरले.

आमचे गाव सातारा जिल्ह्यातल्या ऊसपट्ट्यातले. हंगामात रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ असते. त्यांतल्याच एकीखाली आमची भाटी गेली. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते म्हणतात. हिची पिल्ले पहिल्याच घरी, कडब्याच्या गंजीत राहिली. तीन होती. दोन गारठून गेलेली. तिसऱ्या पिवळ्याचे डोळेही उघडले नव्हते.

तालुक्याच्या पशुवैद्यांनी जे सांगितले ते ऐकून मी थक्क झालो. इतके लहान पिल्लू स्वतःचे अंग ऊबदार राखू शकत नाही. म्हणून आधी ऊब, मग दूध. गाईचे दूध त्याला सोसत नाही, हगवण लागते. मांजराच्या पिल्लांची निराळी दूधपावडर मिळते. पाजताना त्याला तान्ह्या बाळासारखे उताणे धरायचे नाही, पोटावरच ठेवायचे. नाही तर दूध फुप्फुसात जाते. आणि आईने चाटल्याशिवाय त्याला लघवीही होत नाही. म्हणून दर खेपेस कोमट ओल्या कापसाने पुसायचे!

आईच्या जुन्या लुगड्यात गरम पाण्याची बाटली गुंडाळून मी त्याचे अंथरूण केले. रात्री एकचे दूध आणि राज्यशास्त्राची टिपणे बरोबरच चालत. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलेले नाही. त्यामुळे उशिरापर्यंतचा दिवा पाहून आजी शेजारणींना सांगे, "पोरगं लई अभ्यास करतंय!" वाण्याच्या काट्यावर पिल्लू 120 ग्रॅम भरले होते, ते रोज दहा-बारा ग्रॅमने वाढू लागले. महिन्याचे झाल्यावर बशीतून खाऊ लागले. नाव ठेवले सोन्या.

खरा पेच पुढेच होता. लस टोचायला नेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पाचव्या महिन्यात याची नसबंदी करून टाक." घरी हे सांगताच सभाच भरली. आजी म्हणाली, "मुक्या जिवाचा वंस बुडवू नगं." आप्पांचा विरोध वेगळा होता. ते बैलांचे जाणकार. "आरं, खोंड दोन दाती हुस्तवर कुणी बडवतं का? लवकर बडवला तर मान भरत न्हाय, वशिंड येत न्हाय. ह्ये तर दुधाचं प्वार!"

आप्पांचे खरेच होते. ज्याला जू ओढायचे त्याची मान नरपणाच्या जोरावर भरू द्यावी लागते. पण बोक्याला नांगर ओढायचा नसतो. सहाव्या महिन्याच्या आसपास तो वयात येतो. मग भिंतींवर उग्र मुताची पिचकारी, भाटीच्या मागे रात्रभर भटकणे, मारामाऱ्या. चाव्यातून प्रतिकारशक्ती पोखरणारा विषाणू एका बोक्याचा दुसऱ्याला जडतो. शिवाय एकदा लागलेली खोड शस्त्रक्रियेनंतरही कधी कधी जात नाही. लवकर केले तर मूत्रमार्ग अरुंद राहतो, ही जुनी भीती तपासण्यांत खरी ठरलेली नाही. तेव्हा बैलाचे वय उशिराचे, बोक्याचे लवकरचे. आप्पांनी हे ऐकून घेतले आणि मान हलवली.

आजीला मात्र मला उत्तर देता आले नाही. सोन्याला विचारण्याची सोय नव्हती. त्याच्या वतीने ठरवण्याचा अधिकार मला कुणी दिला? रात्री जागलो म्हणून तो मिळतो काय? या प्रश्नाला माझ्याजवळ अजूनही उत्तर नाही. मला एवढेच दिसत होते, की गंजीतल्या पिल्लांना गावात तोटा नाही, तोटा आहे तो पाजणाऱ्या हातांचा.

जूनमध्ये आम्ही निघालो. पाटी मांडीवर घेऊन आप्पाच एस. टी.त बसले. खोंड बडवताना त्याचे पाय दोरखंडाने आवळून धरणारे माझे आप्पा! दवाखान्याच्या दारात त्यांनी डॉक्टरांना एकच विचारले, "भूल देणार न्हवं?"

डॉक्टर हो म्हणाले, तेव्हाच त्यांनी पाटी हातातून सोडली.

— द्वितीय वर्ष, कला