उधन्याच्या अंगणातील परदेशाची वाट

वसईहून उत्तरेकडे निघालेली गाडी सुरत येण्यापूर्वी उधना जंक्शनात शिरते. येथूनच नंदुरबार-जळगावकडे जाणारा लोहमार्ग फुटतो. याच वाटेने खानदेशातील असंख्य कुटुंबे यंत्रमागांच्या कामासाठी आली व येथे स्थिरावली. म्हणून गुजरातेत असूनही उधन्याच्या गल्ल्यांतून मराठी आणि अहिराणी सहज कानी पडते. गेल्या हिवाळ्यात अशाच एका स्नेह्यांच्या घरी दोन दिवस राहण्याचा योग आम्हांस आला. त्या घरी तेव्हा एकच विषय चालू होता : परदेशात भाड्याची मोटार घेऊन स्वतः चालवीत फिरावयाचे.

आजवर या कुटुंबाने ओलांडलेली सीमा म्हणजे नवापूरची. तेथील रेल्वे स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात, तर काही गुजरातेत आहे. बसल्या जागी माणूस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातो! 1961 च्या डिसेंबरपर्यंत पोर्तुगीज अंमलाखालील दमण हा येथून सर्वांत जवळचा परदेश होता. पुढे सुरतेहून 2019 मध्ये शारजास आणि 2023 मध्ये दुबईस थेट विमाने सुरू झाली, आणि आखाती देश उधनेकरांच्या आवाक्यात आले. आमच्या स्नेह्यांनी दुबईला उतरून पूर्वेस फुजैराचा समुद्र व उत्तरेस रास अल खैमाचा जबल जैस डोंगर पाहण्याचे ठरविले होते.

“पंचवीस वर्षे धुळ्याचा रस्ता तुडवतोय, तेथले गुळगुळीत रस्ते मला काय जड?” असे ते आम्हांस म्हणाले. त्यांच्या मोटारीत शेजारी बसणाऱ्याने रस्ता सुचवू नये, असा घरचा अलिखित नियम होता. पत्नी आणि महाविद्यालयात शिकणारी कन्या हा नियम निमूटपणे पाळीत.

परंतु तयारीस लागल्यावर एकेक गोष्ट पुढे येऊ लागली. भारतातून पर्यटनासाठी तेथे जाणाऱ्यास आपल्या परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहनपरवानाही लागतो. तो आपल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयातून मिळतो आणि फार तर एक वर्ष चालतो. तो निघण्यापूर्वी हाती असावा. स्नेह्यांच्या पारपत्रावर व परवान्यावर वडिलांचे नाव निरनिराळ्या तऱ्हेने लिहिलेले निघाले. ती दुरुस्ती आधी करणे भाग पडले.

दुसरी अडचण अनामत रकमेची. मोटार भाड्याने देणारे बहुधा चालकाच्याच नावाचे क्रेडिट कार्ड मागतात, आणि गाडी परत केल्यावरही काही काळ ती रक्कम अडकवून ठेवतात. कारण वेगमर्यादा मोडल्याचा दंड व पथकर यांचा हिशेब मागाहून येतो. स्नेह्यांचा सारा व्यवहार रोखीचा. मग बँकेत जाऊन कार्डासाठी अर्ज झाला आणि प्रवास दोन महिने पुढे गेला. विम्याचा कागदही कन्येने ओळीने वाचला. टायर, काच आणि गाडीचा तळ यांचे नुकसान साध्या विम्यात पुष्कळदा धरलेले नसते. तेथे लहानसा ओरखडा आला तरी पोलिसांचा अहवाल घ्यावा लागतो. त्यावाचून विमा मिळत नाही. म्हणून गाडी ताब्यात घेतानाच तिची चोहोबाजूंनी छायाचित्रे काढावयाची, असे वहीत लिहिले गेले.

तथापि खरी परीक्षा झाली ती अंगणात. तेथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात व सुकाणू डाव्या हाताला असते. कन्येने फरशीवर खडूने रस्ते आखले, मध्ये चौकाचे वर्तुळ म्हणून थाळी उपडी ठेवली आणि धाग्याच्या रिकाम्या बॉबिनींच्या मोटारी केल्या. “अण्णा, आता डावीकडे वळा.” अण्णांनी बॉबिन झटकन वळविली आणि ती समोरून येणाऱ्या वाहनांच्या मार्गात जाऊन उभी राहिली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळीही तेच. पंचवीस वर्षांची सवय हाताला दगा देत होती. आजी खाटेवरून सारे पाहत होत्या. कोणी हसले नाही.

तेव्हा पत्नी हळूच म्हणाल्या, “इथं तुम्ही चुकत नाही, म्हणून आम्ही गप्प बसतो. तिथं चुकलात, तर तुम्हांला सांगायचं कोणी?”

अण्णा बराच वेळ बॉबिनीकडे पाहत राहिले. मग त्यांनी वही मागितली व स्वतःच्या हाताने पाच ओळी लिहिल्या. विमानतळावरून मुक्कामी टॅक्सीने जावयाचे. मोटार दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यावयाची. पहिला तास शांत वस्तीत काढावयाचा. अंधारात डोंगर उतरावयाचा नाही. आणि पाचवी ओळ : ‘शेजारी ताई बसेल. ती सांगेल ते ऐकावयाचे.’

वाचकहो, आपल्या वसईच्या गावोगावी आखाती देशांत नोकरी करून आलेली माणसे आहेत; उद्या आपल्याही घरी असा बेत निघेल. तेव्हा कागदपत्रे आणि पैसा यांची जुळवाजुळव होईलच. परंतु गाडी चालविणारा एक असला, तरी तिच्यात जीव सर्वांचे असतात. घरच्या कर्त्या माणसास “थांबा, चुकताय” असे म्हणण्याची मोकळीक धाकट्यांना निघण्यापूर्वीच मिळालेली असावी. भर रस्त्यात ती मागावयास सवड नसते.

आम्ही निघालो तेव्हा अण्णा आपल्या मोटारीने आम्हांस स्थानकावर सोडावयास आले. कन्या पुढे बसली होती. वर्दळीच्या चौकात त्यांनी वेग कमी केला, आणि ज्या चौकातून ते रोज जातात त्याच चौकात तिला विचारले, “ताई, तुझ्या बाजूने कोणी येतंय का गं?”

तिने मान बाहेर काढून पाहिले आणि म्हणाली, “थांबा, अण्णा. एक रिक्षा आहे.”

अण्णा थांबले.