पतित बंधूची विचारपूस

इजिप्तच्या फायूम प्रांतातील कोरड्या वाळूने सोळा शतकांहून अधिक काळ जतन करून ठेवलेला पपायरसचा एक कागद आज उपलब्ध आहे. इ. स. 250 च्या जून महिन्यात ‘अलेक्झांडरचे बेट’ या खेड्यातील ऑरेलियस डायोजेनिस नावाचा 72 वर्षांचा, उजव्या भुवईवर वण असलेला एक वृद्ध गावच्या यज्ञ-अंमलदारांकडे अर्ज करतो, की आपण देवांना नित्य बळी अर्पण करीत आलो आहोत, आजही हुकुमाप्रमाणे आपणांसमक्ष बळी देऊन त्याचा प्रसाद भक्षण केला आहे, तरी तसा दाखला मिळावा. रोमचा बादशहा डेसियस याच्या फर्मानाने साम्राज्यातील आबालवृद्धांवर हा दाखला घेण्याची सक्ती आणली. इतरांच्या दृष्टीने तो सरकारदरबारचा एक कागद होता; ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने तो आपल्या प्रभूला ओळखत नसल्याचा स्वहस्ते लिहून दिलेला कबुलीजबाब होता.

आणि पुष्कळांनी तो घेतला. उत्तर आफ्रिकेतील कार्थेज शहरात तर कित्येक जण शिपाई दारात येण्याची वाटही न पाहता आपण होऊन वेदीकडे धावले. कित्येकांनी अंमलदारांचे हात ओले करून बळी न देताच कागद मिळवला. आणि आफ्रिकेच्या त्याच भागातील बोना नावाच्या एका स्त्रीला तिच्या नवऱ्याने फरफटत नेले, तिचे हात इतरांनी धरून तिच्याकडून बळी अर्पण करविला, तेव्हा हे मी केलेले नाही, तुम्ही केले आहे, असा आक्रोश करून तिने हद्दपारी पत्करली. छळाचा जोर ओसरल्यावर ही सारी माणसे मंडळीच्या दाराशी परत आली, तेव्हा त्यांचे काय करावे, या प्रश्नाने तत्कालीन ख्रिस्ती जगताची झोप उडवली.

दोन उत्तरे तयारच होती. ज्यांनी बळी नाकारून तुरुंगात यातना भोगल्या होत्या, त्यांच्याकडून शिफारशीचे रोखे मिळू लागले, आणि ते इतके सढळ हाताने, की अमक्याला त्याच्या माणसांसह मंडळीत घ्यावे एवढेच त्यांत लिहिलेले असे. ती माणसे किती, कोण, त्यांनी काय केले, त्यांच्या डोळ्यांत पाणी आहे की नाही, याची चौकशीच नसे. दुसरीकडे रोममध्ये नोव्हेशियन हा विद्वान व कडवा पुरुष, बळी देणाऱ्यास मंडळीने पुन्हा पदरात घेऊच नये, असे म्हणून वेगळी चूल मांडून बसला. एक अतिदयाळू आणि दुसरा अतिकठोर, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु मला या दोहोंत एकच उणीव दिसते, आणि ती प्रेमाची आहे. कोरा रोखा देणाऱ्याने पतिताचा चेहरा पाहिला नाही, आणि दार लावून घेणाऱ्यानेही तो पाहिला नाही.

कार्थेजचा बिशप सिप्रियन याने या दोन्ही वाटा नाकारल्या. इ. स. 251 च्या ईस्टरनंतर भरलेल्या परिषदेत बिशपांनी ठरवले, की प्रत्येकाचे प्रकरण निराळे काढावे. कोणी धावत गेला, कोणाला ओढून नेले, कोणी बायकामुलांना वाचवण्यासाठी एकट्याने वेदीपुढे मान लववली, हे सारे ऐकून घ्यावे आणि मग प्रायश्चित्ताची मुदत ठरवावी. हाड बसवणारा वैद्य जसा मोडलेल्या जागी बोट ठेवल्याखेरीज पट्टी बांधीत नाही, तसे हे काम होते. वेळ खाणारे, दोघांनाही दुखवणारे.

आपल्या मंडळ्यांत हे कितपत घडते? मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने क्रम घालून दिला आहे: अपराध करणाऱ्या भावाकडे प्रथम एकट्याने जावे, मग एकदोघांना घेऊन, आणि अखेरीस मंडळीला सांगावे. आपण बहुधा शेवटच्या पायरीपासून आरंभ करतो. फंडाच्या हिशेबात घोळ झाल्याची कुणकुण लागते, भक्तीनंतर चर्चच्या आवारात चार डोकी एकत्र येतात, पंचांच्या सभेची नोटीस निघते, आणि ज्याच्याविषयी हे सारे चालले आहे तो शेवटच्या बाकावर बसून प्रभुभोजनाची थाळी आपल्यापुढून नेली जाताना खाली मान घालून पाहतो. तोवर त्याच्या घरी जाऊन, भाऊ, काय झाले, असे विचारणारा कोणी भेटलेला नसतो. एकट्याने जाण्यात आपली अब्रूही पणाला लागते. तो आपल्यालाच चार शब्द सुनावील, आपलेही काही उकरून काढील, हे भय असते. सभेत मात्र आपण ठरावाच्या आड सुरक्षित असतो. ज्याने हा क्रम लिहून ठेवला तो मत्तय, परंपरेप्रमाणे, स्वतः जकातनाक्यावरून उठून आलेला. म्हणून न ऐकणारा भाऊ जकातदारासारखा समजावा, या कठोर शब्दांनंतरही प्रभू जकातदारांच्या पंक्तीला बसत असे, हे मला विसरता येत नाही.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाने तर वाळीत टाकले जाण्याचे दुःख आपल्या अंगावर झेलले आहे. 1895 साली मुंबईस नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा लक्ष्मीबाईंना कित्येक वर्षे पतीपासून दूर राहावे लागले. किती तरी घरांत असेच पाणी तोडले गेले, नाती तोडली गेली. ज्यांच्या आजोबांनी ही वेदना सोसली, त्यांनीच आपल्या चुकलेल्या भावाशी बोलणे टाकावे, त्याच्या मुलीच्या लग्नाचे आमंत्रण परत पाठवावे, याचे मला अतोनात दुःख होते. शिस्त हवी, पापाला पाप म्हणायला हवे, त्याखेरीज ज्याचे नुकसान झाले त्याला न्याय मिळत नाही. पण शिस्त लावणाऱ्याने चहाचा पेला हातात घेऊन त्या घरी तासभर बसायला हवे.

परिषदेनंतर थोड्याच काळाने नव्या छळाची चिन्हे दिसू लागली, तेव्हा सिप्रियन व त्याच्या सहकाऱ्यांनी आपलाच निर्णय सैल केला. जे मंडळी सोडून न जाता दाराशी पश्चात्ताप करीत राहिले होते, त्या सर्वांना मुदत पुरी होण्याआधीच प्रभूच्या मेजावर बोलावण्यात आले. कारण ज्यांना उद्या मरणाला सामोरे जायचे, त्यांना उपाशी धाडण्याचा दोष मेंढपाळांना आपल्या माथी घ्यायचा नव्हता. त्या निर्णयात पुढाकार घेणारा सिप्रियन 250 सालच्या छळात लपून राहिला म्हणून त्याच्यावरही भ्याडपणाचा ठपका आला होता; पुढे इ. स. 258 च्या सप्टेंबरात कार्थेज येथे त्याचाच शिरच्छेद झाला.