कोऱ्या फिल्टरवरचे धागे

अकोल्यात जिनाजवळ वाढलो. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागल्या की दारातल्या तुळशीवरही रुईची लव बसायची. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली कापसाचा धागा मला लगेच कळतो: चपटा, पिळदार, फितीसारखा. अ‍ॅस्बेस्टॉस वेगळा. तो सरळ किंवा किंचित वळलेला असतो आणि टोकाशी आणखी बारीक धाग्यांत फाटत जातो.

फुप्फुसातला अ‍ॅस्बेस्टॉस मोजायची रीत सांगायला सोपी. ऊतीचा तुकडा तोलायचा, सोडियम हायपोक्लोराइटमध्ये विरघळवायचा, उरलेलं फिल्टरवर गाळायचं आणि मोजायचं. ५ मायक्रॉनहून लांब, ३ मायक्रॉनहून अरुंद आणि रुंदीच्या किमान तिप्पट लांब तेवढेच धागे धरायचे. पण रीत विश्वासाची आहे का, हे आधी ठरवावं लागतं. त्यासाठी बोकडाच्या फुप्फुसात मोजून धागे मिसळायचे आणि किती परत हाती लागतात ते बघायचं. आणि दर खेपेला एक कोरा नमुना: ऊती नाही, बाकी सगळं तेच.

एका प्रयोगशाळेत आमच्या कोऱ्या नमुन्यातच धागे निघाले. आठवडाभर रसायनं बदलली, बाटल्या बदलल्या. धागे होतेच. शेवटी बर्नरवरच्या तिवईकडे लक्ष गेलं. तिच्यावर शाळेपासून ओळखीची ती तारेची जाळी, मधोमध पांढरा गोल थर. तो थर अ‍ॅस्बेस्टॉसचा होता आणि कडेने भुरभुरत होता. पाणी आम्ही त्याच जाळीवर उकळत होतो. तोवरचे सगळे आकडे मी रद्द केले. दुसरं काही करणं शक्यच नव्हतं.

शून्याचं दुखणं याहून अवघड. सरासरी ३ धागे दिसावेत एवढा साठा असूनही विसातून एकदा शून्य दिसू शकतं. शिवाय ०.२ मायक्रॉनहून बारीक धागा साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसतच नाही, त्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. हेलसिंकीच्या १९९७च्या निकषांत कोरड्या ऊतीच्या दर ग्रॅमला १,०००हून अधिक अ‍ॅस्बेस्टॉस बॉडीज हा संपर्काचा भक्कम पुरावा मानला आहे. पण लोहाचा सोनेरी लेप चढलेल्या या बॉडीज बहुतेक निळ्या-तपकिरी जातींवर बनतात. आपल्या छपरांच्या सिमेंटच्या पत्र्यांत मुख्यतः पांढरा क्रिसोटाइल असतो. तो फुप्फुसात तुटतो, विरघळतो, निघून जातो. आजार मात्र कित्येक दशकांनी उगवतो.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा ती सुटल्यावर १५ वर्षं, यांतली जी मुदत नंतर संपेल तोवर जपायला सांगितलं. अमरावतीत रस्त्याकडेला पत्रे कापणाऱ्याची नोंद कोण ठेवणार? अशाच एकाचा मुलगा अहवाल घेऊन आला होता. “म्हणजे बाबाच्या छातीत काईच गेलं नाई का, सर?”

अहवालात शून्य होतं. मी त्याला बसवलं, बाबा काय काय काम करायचे ते वर्षावार विचारलं, आणि अहवालाच्या खाली लिहिलं: आढळ मोजणीच्या मर्यादेखाली, क्रिसोटाइलचा संपर्क यावरून नाकारता येत नाही, पंचवीस वर्षं हातकरवतीने पत्रे कापले, तोंडावर रुमालही नसे.