‘आवश्यक’ म्हणजे किती?

चि. मृण्मयी,


फिलाडेल्फियाच्या थर्ड स्ट्रीटवरच्या जुन्या बँकेचा फोटो मिळाला. खाली तू लिहिलंस, ‘मामा, इथले पक्षसुद्धा खुर्चीपायीच निघाले असणार.’ ते वाक्य चार दिवस मनातून जाईना. त्या बँकेवरून तर अमेरिकेत दोन तट पक्के झाले, आणि त्या भांडणात मला खुर्चीपेक्षा भीती जास्त दिसते. दोन्हीकडची खरी भीती.

आधी हॅमिल्टन आणि मॅडिसन एकत्र होते. राज्यघटना मंजूर व्हावी म्हणून 1787-88 मध्ये त्यांनी जॉन जे यांच्यासह 85 लेख लिहिले, तेही ‘पब्लियस’ या एकाच टोपणनावाने. पण घटना अमलात आली, हॅमिल्टन अर्थमंत्री झाले, आणि दोन वर्षांच्या आत दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

स्वातंत्र्ययुद्धात सैनिकांना पगारापोटी सरकारने नुसते कागद दिले होते. घरी परतलेल्या माणसाला बियाण्याला, मिठाला पैसे लागतात. कागद धरून तो किती दिवस बसणार? कित्येकांनी ते दलालांना मातीमोल भावाने विकले. 1790 मध्ये हॅमिल्टन म्हणाले, कागद आज ज्याच्या हातात आहे त्याला पूर्ण रक्कम मिळेल. मॅडिसननी विरोध केला: आजच्या धारकाला बाजारातला सर्वांत चढा भाव द्या, उरलेलं मूळ सैनिकाला द्या. 36 विरुद्ध 13 मतांनी ते हरले. हिशेबाने मला हॅमिल्टन पटतात. सरकारने स्वतःचाच कागद मागाहून अर्धा नाकारला, तर पुढे त्याच्या सहीवर कोण विश्वास ठेवील? युद्धात वॉशिंग्टनच्या हाताखाली असताना, तिजोरी रिकामी असली की फौजेचे काय हाल होतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी मन मात्र त्या सैनिकाकडेच ओढ घेतं.

मग बँक आली, 1 कोटी डॉलर भांडवलाची. घटनेत ‘बँक’ हा शब्दच नाही. आपली कामं पार पाडायला ‘आवश्यक आणि योग्य’ असे कायदे काँग्रेसने करावेत, एवढंच तिथे आहे. बँकेच्या कायद्यावर सही करण्याआधी अध्यक्ष वॉशिंग्टननी मंत्र्यांची मतं मागवली. परराष्ट्रमंत्री जेफरसननी कळवलं, ज्याच्यावाचून काम अडेल तेच आवश्यक. जे नुसतं सोयीचं, ते नव्हे. ही वेस एकदा ओलांडली की केंद्राच्या सत्तेला काठ उरणार नाही. हॅमिल्टनचं उत्तर मला फार आवडतं: तुम्ही त्या शब्दाआधी ‘नितांत’ हा शब्द मनाने जोडता आहात. बोलताना आपण आवश्यक म्हणतो ते उपयोगी, कामाचं अशा अर्थाने. 25 फेब्रुवारी 1791 रोजी वॉशिंग्टननी सही केली.

त्या एका शब्दाभोवती माणसं गोळा होत गेली. हॅमिल्टनच्या बाजूचे फेडरलिस्ट, जेफरसन-मॅडिसनच्या बाजूचे रिपब्लिकन (आजच्या त्या नावाच्या पक्षाशी यांची गल्लत करू नकोस, तो 1854 चा). दोघांची वर्तमानपत्रं निघाली, व्हिस्कीवरच्या करावरून बंड झालं, फ्रान्स की इंग्लंड यावरून मित्र बोलेनासे झाले. जेफरसनचं शेतकऱ्याच्या स्वातंत्र्याचं चित्र मोठं सुंदर आहे, पण त्यांची स्वतःची शेती गुलामांच्या घामावर चालली होती. हे मी विसरू शकत नाही, तूही विसरू नकोस.

1801 मध्ये अध्यक्षपदाच्या मतमोजणीत जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे आरन बर यांची 73-73 अशी बरोबरी झाली, आणि निर्णय प्रतिनिधिगृहाकडे गेला. तेव्हा हॅमिल्टननी आपल्या पक्षाच्या लोकांना पत्रांमागून पत्रं लिहून सांगितलं, जेफरसनना निवडा. ज्यांच्याशी दहा वर्षं वैर, त्यांच्यासाठी! बरना कसलंच तत्त्व नाही, हे त्यांचं कारण. मतदानाच्या 36व्या फेरीत जेफरसन अध्यक्ष झाले. दोनच वर्षांनी त्यांनी 1.5 कोटी डॉलरना लुइझियाना घेतलं, आणि तशी परवानगी घटनेत कुठे आहे हे त्यांनाही नीट दाखवता येत नव्हतं.

मॅडिसनचं तर त्याच्याही पुढचं. पहिल्या बँकेची सनद 1811 मध्ये संपली, 1812 च्या युद्धात तिजोरीचे हाल झाले, आणि 1816 मध्ये अध्यक्ष मॅडिसननी दुसऱ्या बँकेच्या कायद्यावर स्वतःच्या हाताने सही केली. तिची इमारत चेस्टनट स्ट्रीटवर आहे, तुझ्या त्या बँकेपासून चालत जाण्याइतकी जवळ. तिचाही फोटो पाठव.

तुझा,
मामा